साक्षीपुराव्याबाहेरचे

आमच्या घराण्यात कागदाला जो मान मिळाला तो कल्पनेला कधीच मिळाला नाही. आजोबांनी निजामाच्या अमदानीत उस्मानाबादच्या मुन्सफ कचेरीत उर्दू मिसली लावल्या, आणि वडिलांनी, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, पुढे त्याच गावी दिवाणी न्यायालयाचे दप्तर सांभाळले; तेव्हा ज्या घटनेला तारीख नाही, साक्षीदार नाही आणि जिच्याखाली कुणाची सही वा अंगठा नाही, ती घटना घडलीच नाही, अशी या घराची निष्ठा असल्यास नवल नव्हे. 1987 साली रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमे. परंतु ती कथा नव्हे, तो इतिहास, असा निवाडा नानांनी आधीच देऊन ठेवला होता. अशा घरातील मुलगा मालिकांचे संवाद लिहून उदरनिर्वाह करू लागला, याची संभावना ‘खोट्या माणसांची खोटी भांडणं’ एवढ्या चार शब्दांत झाली.

हा तिरस्कार सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. रोज एक भाग वाहिनीच्या स्वाधीन करावयाचा, म्हणून कथेत पाणी घालावे लागते; एकच थप्पड तीन कोनांतून तीनदा दाखविली जाते, हेही खरे. तरीसुद्धा या माध्यमाजवळ जे आहे ते दप्तरखान्यात नाही, याची ग्वाही मला खुद्द नानांकडूनच मिळाली.

एका मालिकेत वाटपाच्या दाव्याची तडजोड लिहावयाची होती. मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली दिला. पण दिलेला हक्क भावांच्या नावे सोडून देण्याची रीत काही त्यामुळे मोडली नाही. न्यायालयातील क्रम बिनचूक असावा म्हणून मी नानांना विचारले. तडजोडनामा दाखल होतो, मजकूर वाचून दाखवितात, समजला का, मान्य आहे का, कुणाचा दाब नाही ना, असे विचारतात, मग सह्या, हे सारे त्यांनी फर्ड्या कारकुनी भाषेत सांगितले; आणि क्षणभर थांबून, न विचारताच म्हणाले, “सही करायच्या आधी बहीण भावाकडं बघत नाही. भावजयीकडं बघती.”

“हे कुठल्या मिसलीत आहे, नाना?”

“ते मिसलीत कुठं येतंय?”

माहेरचा उंबरठा यापुढे कुणाच्या हाती राहणार हे त्या बहिणीला ठाऊक असते, आणि एका नजरेत ती आपल्या हिश्श्याची किंमत मागून घेते. हुकूमनाम्यात ‘स्वखुशीने’ एवढेच उमटते. रंगमंचावर ही नजर पाचव्या रांगेपलीकडे पोहोचणे कठीण. कॅमेरा मात्र ती हातभर अंतरावरून टिपतो, आणि म्हणून मला तेथे संवादच लिहावा लागला नाही. शिवाय चित्रपटाला जे सवडीने करता येत नाही ते मालिकेला करता येते: सही झाल्यावरही ती बहीण प्रेक्षकाच्या घरी रोज येत राहते, पहिल्या दिवाळीला तिला बोलावणे जाते, दुसऱ्या दिवाळीला फक्त फोन, आणि तिसऱ्या दिवाळीला तोही येत नाही, हा उतार प्रेक्षक तिच्याबरोबर उतरतो. 1984 साली मनोहर श्याम जोशी यांनी ‘हम लोग’ लिहिली किंवा 1999 साली अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली, तेव्हा घराघरांत जी आपुलकी निर्माण झाली तिचे कारण कथानकाच्या चमत्कृतीत नव्हते. परक्या संसाराचा असा दीर्घ सहवास त्यापूर्वी आपल्या माजघराला क्वचितच घडला होता.

नाना अजूनही मालिका पाहत नाहीत, आणि पाहाव्यात असा माझा आग्रहही नाही. हक्क कुणाचा हे न्यायालयाने ठरवावे. त्या निकालानंतरच्या सलोख्याची किंमत कुणी चुकती केली, याची नोंद मात्र कोणत्याच कचेरीत होत नाही. ती कुणीतरी ठेवावयाचीच, तर मी ठेवतो. आमच्या घराण्याच्या दप्तरी पेशाला ते फारसे सोडून नाही.