कॅल्शियम, दूध आणि एक आकडा

जूनमध्ये शाळा सुरू होताना चिरंजीवांना दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीची रेघ मारली. वर्षभरात जेमतेम चार सेंटिमीटर. वय नऊ, वर्गाच्या रांगेत कायम पहिला नंबर. आईचं निदान तयारच होतं: "दूध पीत नाही, कॅल्शियम कमी पडतंय." दुसऱ्या दिवशी गोळ्यांची बाटली हजर.

मी जास्त शहाणा. सकाळी लॅबवाल्याला घरी बोलावून परस्पर ग्रोथ हॉर्मोन तपासून घेतलं. रात्री मेलवर रिपोर्ट आला: ०.२. त्या रात्री बायको आणि मी दोघंही झोपलो नाही.

डॉक्टरबाईंनी तो कागद बाजूला सारला. हे हॉर्मोन सतत झिरपत नाही, लाटांनी येतं आणि मोठी लाट बहुधा गाढ झोप लागल्यावर. मधल्या वेळी रक्तात नसल्यातच जमा. दिवसातून एकदा लॉग बघून 'सर्व्हर बंद आहे' म्हणणाऱ्या ज्युनियरला मीच झापलंय, राव!

मग वीकेंडभर वाचत बसलो. गंमत म्हणजे गोष्टीत कॅल्शियम आहेच, फक्त आईवालं नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. तिच्या काही पेशींत हे हॉर्मोन आधीच बनवून, पुड्या बांधून ठेवलेलं असतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट. मधल्या पडद्यात विजेच्या दाबावर उघडणारी दारं. कॅल्शियम आत घुसलं की पुड्या पडद्याला चिकटून फुटतात आणि माल रक्तात. हायपोथॅलॅमसकडून दोन निरोप येतात. जीएचआरएच दारं उघडायला लावतो (तो १९८२ मध्ये सापडला, तोही स्वादुपिंडाच्या गाठीत!). सोमॅटोस्टॅटिन पोटॅशियम बाहेर सोडून दाब उतरवतो, दारं बंद.

या पेशी कोणी न सांगताही स्वतःहून ठिणग्या मारतात. शेजारच्या काही पेशींची ठिणगी निमिषात विझते, यांची मात्र सेकंदभर रेंगाळते, म्हणून कॅल्शियम भरपूर शिरतं. ती रेंगाळते पोटॅशियमच्या ज्या वाटेमुळे, तिचं काम खरं तर ठिणगी विझवण्याचं असावं असं कुणालाही वाटेल. २००१ सालचा पेपर आहे. असला उलटा बग मला कोडमध्ये सापडला असता तर पार्टी दिली असती.

असो. आईला सांगितलं, खडकवासला भरलेलंच आहे, वरून बादली ओतून कालव्याला पाणी वाढत नाही. दरवाजे उघडायला हवेत. "म्हणजे दूध नको?" हाडांना हवंच, म्हटलं. गोळ्या मात्र बंद.

खरी टेस्ट हॉस्पिटलात झाली. उपाशीपोटी क्लोनिडीनची गोळी, हाताला सुई, दर अर्ध्या तासाने रक्त. त्या गोळीने बीपी उतरतं, पोरगं गुंगीत माझ्या मांडीवर डोकं टाकून पडलेलं. नर्स बाटलीवर वेळ लिहीत होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, उघडा रे दारं.

नव्वदाव्या मिनिटाला १२.६. दहाच्या वर म्हणजे पास. बुटका का, याचं उत्तर बाईंनी दिलं नाही. सहा महिन्यांनी परत मोजू म्हणाल्या.

डिसेंबरात मोजलं. अडीच सेंटिमीटर. पट्टी मी धरली होती आणि साहेब हळूच टाचा उचलत होते, त्यामुळे दोनदा मोजलं.