रोमच्या चांदीवरील दावे

तीर्थरूप काकांस,


रोमन सम्राटांच्या चांदीच्या नाण्यांवरील चित्रे ही घडलेल्या गोष्टींची नोंद मानावी की सम्राटाचा दावा, हा आपल्या पत्रातील प्रश्न नाणकशास्त्राच्या मुळाशी जाणारा आहे, आणि त्याचे उत्तर दाव्याकडेच अधिक झुकते. दिनारिअस हे रोमचे प्रमुख चांदीचे नाणे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी ते सुमारे ३.९ ग्रॅम वजनाचे असे, दर्शनी बाजूवर बहुधा सम्राटाचे मुख असे आणि मागील बाजूवर प्रजेच्या व सैन्याच्या मनावर जे ठसवायचे ते कोरले जाई. इ.स.पू. ५३ मध्ये पूर्वेकडील पार्थिया राज्याशी झालेल्या कार्‍हीच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅससने गमावलेली सैन्याची ध्वजचिन्हे पार्थियन राजाने इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटीनंतर परत केली. त्यांच्या परतीसाठी युद्ध झालेच नव्हते, तरीही त्यानंतर पाडलेल्या दिनारिअसवर गुडघा टेकून ध्वजचिन्ह पुढे करणारा पार्थियन दिसतो.

नर्व्हाची नाणी याहून बोलकी आहेत. इ.स. ९६ मध्ये सत्तेवर आलेल्या या वृद्ध सम्राटाने हातात हात घेतलेल्या चित्रासह ‘सैन्यांची एकजूट’ अशा अर्थाचा लॅटिन लेख कोरविला. परंतु ९७ मध्ये प्रिटोरियन दलाने, म्हणजे सम्राटाच्याच रक्षक सैनिकांनी, त्याला वेठीस धरून आधीचा सम्राट डोमिशियन याच्या मारेकऱ्यांचे प्राण घेतले. जे हातून निसटत होते त्याचाच उद्घोष नाण्यावर व्हावा, यात त्या राजवटीची सारी व्याकुळता दिसते.

पुढे धातूही दाव्याला साथ देईनासा झाला. सम्राट कॅराकॅलाने २१५ मध्ये काढलेल्या नव्या नाण्यावर, ज्याला अभ्यासक अँटोनिनिआनस म्हणतात, सम्राटाच्या मस्तकी सूर्यकिरणांचा मुकुट आहे. ती दुप्पट मूल्याची खूण समजली जाते, पण वजन जेमतेम दीड दिनारिअसचे होते. २७० च्या सुमारास त्यात शेकडा पाचही भाग चांदी उरली नव्हती.

त्या काळी रोमशी व्यापार करणाऱ्या दक्षिण भारतात सापडणारे दिनारिअस मुख्यतः ऑगस्टस व टायबेरियस यांचे आहेत, आणि नीरोने ६४ मध्ये वजन व कस उतरविल्यानंतरचे विरळ. यावरून येथील व्यापारी चित्रापेक्षा चांदी पारखत असावेत, असा तर्क सयुक्तिक वाटतो. त्यांतील एका विपुल प्रकारावर ऑगस्टसचे दत्तक वारस गायस आणि लुसियस ढाली-भाल्यांसह उभे आहेत; पण वारसा हाती येण्यापूर्वीच लुसियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये निवर्तला.


आपला पुतण्या