मेंटेनन्स कमी दिसला म्हणून भुलू नकोस

चि. अनघा हिस,


पीआर हातात आल्यावर वर्षभरात तुम्ही दोघं घर घ्यायला निघालात, याचा मला फार आनंद झालाय. टोरांटोतल्या ज्या दोन फ्लॅटांवर तुमचं मन बसलंय त्यांचे फोटोही पाहिले. पण तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य डोक्यातून जाईना : 'दुसऱ्या बिल्डिंगचा मेंटेनन्स कमी आहे, म्हणून तोच घ्यावा असं निखिल म्हणतोय.' किंमत, कर्ज, सबवे किती जवळ, हे सगळं तुम्ही नीट बघालच. मेंटेनन्सबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय. आमच्या काँडोच्या, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या बिल्डिंगच्या, बोर्डावर बसून हे आकडे कसे ठरतात ते मी जवळून बघते.

आधी पुण्याचा हिशोब बाजूला ठेव. ताईच्या सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं. इथे प्रत्येक युनिटचा टक्का बिल्डिंगच्या डिक्लरेशनमध्ये आधीच लिहिलेला असतो आणि तो बहुधा क्षेत्रफळावर ठरतो. म्हणून सगळे चौरस फुटाच्या भाषेत बोलतात. ६५० चौरस फुटांच्या फ्लॅटला ६० सेंटने महिन्याला ३९० डॉलर पडतात, ९० सेंटने ५८५. पण एका बिल्डिंगच्या आकड्यात हीटिंग, पाणी, वीज धरलेली असते आणि दुसरीत विजेचं बिल वेगळं येतं, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. आत काय काय आहे ते विचार. बिल्डिंगचा विमा त्यात असतो, तुमच्या सामानाचा नसतो. प्रॉपर्टी टॅक्स तर वेगळाच भरायचा. कर्जाची पात्रता काढताना बँका साधारणपणे निम्माच मेंटेनन्स खर्चात धरतात. तुम्हाला मात्र दर महिन्याला पूर्ण भरायचाय, आणि कर्ज फिटल्यावरही भरायचाय.

आता मुख्य मुद्दा. त्या पैशातला एक भाग रिझर्व्ह फंडात जातो. आपल्याकडच्या सिंकिंग फंडासारखाच, पण इथे त्याला बराच कडक कायदा आहे. ओंटारिओच्या १९९८च्या काँडोमिनियम ॲक्टप्रमाणे दर तीन वर्षांनी त्याचा अभ्यास करून घ्यावा लागतो : छत कधी बदलावं लागेल, लिफ्ट कधी, बॉयलर कधी, आणि त्यासाठी दरवर्षी किती बाजूला टाकायचं. ही रक्कम मोठ्या दुरुस्त्यांशिवाय कशालाही वापरता येत नाही.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा लॉबीतला संगमरवर बघू नका, थेट तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ गाड्यांना चिकटून आत येतं. बर्फ वितळलं की ते खारं पाणी स्लॅबवर ठिबकत राहतं. स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर झिजला की मीठ काँक्रीटमध्ये शिरतं, आतल्या सळया गंजून फुगतात आणि पोपडे सुटायला लागतात. छताला पांढरे ओघळ आणि भेगांच्या कडेला तांबूस डाग दिसले तर समजा, मोठा खर्च दाराशी आलाय. त्यासाठी फंडात पैसे नसतील तर बोर्ड स्पेशल असेसमेंट, म्हणजे मालकांकडून जादा वर्गणी, लावतं. त्याला मालकांचं मतदान घ्यावंच लागतं असं नाही. समजा तुमच्या वाट्याला १२,००० डॉलर आले. महिन्याला वाचवलेले १९५ डॉलर पाच वर्षांत ११,७०० होतात. म्हणजे सगळी बचत एका नोटिशीत गेली.

ताईने फोनवर विचारलं, बिल्डिंग जुनी झाली की रिडेव्हलपमेंट होईलच ना? आपल्याकडच्या मध्यमवर्गाला ही आशा फार. बिल्डर येईल, जास्त कार्पेट एरिया देईल, मग आज दुरुस्तीवर खर्च कशाला करायचा. ही आशा इथे घेऊन येऊ नका. इथे काँडो मोडीत काढायलाच किमान ८० टक्के युनिटांच्या मालकांची संमती लागते, आणि बहुतेक उंच बिल्डिंगांत वाढीव मजल्यांचं आमिष घेऊन कोणी बिल्डर येत नाही. आहे ती इमारतच सांभाळायची असते. फ्लोरिडात सर्फसाइडची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत २४ जून २०२१ला पडली आणि ९८ माणसं गेली. तिथली मोठी दुरुस्ती वर्षानुवर्षं रखडली होती. त्या काळी तिथे मालकांना मतदान करून रिझर्व्ह फंडाचे पैसे टाळता येत होते. त्या घटनेनंतर इमारतीच्या मूळ सांगाड्यापुरती ती सवलत कायद्याने काढून घेतली. कमी मेंटेनन्सचं कौतुक ऐकलं की मला ती इमारत आठवते.

अगदी नवी बिल्डिंग असेल तर आणखी जपा. पहिल्या वर्षाचं बजेट बिल्डरच मांडतो. त्यात तूट आली तर ती त्यालाच भरावी लागते, हे खरं. पण ते पहिल्या वर्षापुरतंच. रिझर्व्हचा पहिला अभ्यास झाला की आकडा बऱ्याचदा चढतो.

आणि 'आम्ही पोहायला जात नाही, तलावाचे पैसे देणार नाही' असं इथे चालत नाही. बोर्डाशी भांडण असलं तरी मेंटेनन्स थांबवता येत नाही. थकला तर युनिटवर बोजा चढतो, आणि त्याचा हक्क बँकेच्या कर्जाच्याही आधी लागतो.

निखिलला सांग, ऑफर देताना स्टेटस सर्टिफिकेट वकिलाने तपासण्याची अट घालायचीच. त्याला करासकट जास्तीत जास्त १०० डॉलर लागतात आणि मागितल्यापासून १० दिवसांत ते द्यावं लागतं. एजंट म्हणेल, दुसरे गिऱ्हाईक तयार आहेत, अट काढा. काढू नका. बिल्डरकडून नवा काँडो घेतला तर १० दिवसांत माघार घेता येते, जुन्या फ्लॅटच्या सौद्यात ती सोय नाही. सर्टिफिकेटमध्ये बजेट असतं, फंडातली शिल्लक असते, चालू दावे असतात, आधीच्या मालकाची थकबाकी असते. मेंटेनन्स वाढवणारी कोणतीही गोष्ट काँडो कॉर्पोरेशनला, म्हणजे बिल्डिंगच्या मालकांच्या संस्थेला, ठाऊक नाही, असं एक कलम त्यात येतं आणि पुढे अपवाद लिहिलेले असतात. ते अपवाद दोनदा वाचा.

दोन्ही बिल्डिंगांची सर्टिफिकेटं मागवा आणि माझ्याकडे पाठवा. येत्या रविवारी दोघं जेवायला या, आपण तिघं बसून ओळ न् ओळ वाचू. तोवर कुठेही सही करू नका.

तुझी,
मावशी