एका कानाचा आवाज

हेडफोनचा अॅम्प्लिफायर बिघडला तरी बहुधा सगळाच मुका होत नाही. एका कानाचा आवाज जातो, दुसरा चालू राहतो. दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हे भाग्यच. डाव्या आणि उजव्या बाजूचे सर्किट सारखेच असते. चालू बाजूवर व्होल्टेज मोजायचे, बंद बाजूवर त्याच जागी पुन्हा मोजायचे. आकडे जिथे वेगळे निघतात, तिथे आसपास दोष सापडतो. साधा मल्टिमीटर पुरतो.

हैदराबादच्या हौशी माणसाला या छंदात कोठीच्या बाजाराचा मोठा आधार आहे. जांबागच्या विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर गुजराती गल्ली आहे, बँक स्ट्रीट आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी तिथे सुटे मिळतात. शहराची या विद्येशी ओळखही जुनी. १९६७ साली इथे ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी स्थापन झाली आणि तिचे ‘ईसी’ टीव्ही पुढे देशभर घरोघरी गेले.

दुरुस्ती शिकायला उत्तम अॅम्प्लिफायर म्हणजे ‘ऑब्जेक्टिव्ह टू’, छंदिष्टांचा ‘ओटू’. २०११मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात अभियंत्याने त्याचा संपूर्ण आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. पुढच्याच वर्षी त्याने लिहिणे थांबवले. तो कोण, हे जगाला कळले नाही. सर्किट मात्र उरले, आणि म्हणूनच तो अॅम्प्लिफायर आजही कोणालाही दुरुस्त करता येतो. ज्या कंपन्या सर्किटचा नकाशा देत नाहीत, आयसीवरची नावे खरवडून टाकतात, त्या ग्राहकाची वस्तू मुदतीआधीच भंगारात काढतात. हे अयोग्य आहे.

ओटूला अडॅप्टर एसी लागतो. आतले ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर त्यातून अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट तयार करतात. बाजारातले बहुतेक अडॅप्टर डीसी देतात. तसला जोडला तर अधिक आणि उणे यांपैकी एकच पुरवठा मिळतो, दुसरा मिळत नाही आणि यंत्र चालतच नाही. अशा वेळी चिप बदलून काय होणार? म्हणून सर्वांत आधी पुरवठा मोजावा. अधिक आणि उणे दोन्ही बरोबर असतील, तरच पुढे जावे.

पुढचे संशयित ठरलेले. आवाजाचे बटण फिरवताना खरखर झाली, तर पोटेन्शिओमीटर मळला आहे; कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा बहुधा पुरतो. घरघर ऐकू आली तर फिल्टर कपॅसिटर पाहावेत. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. चाळिशी ओलांडणारा हैदराबादचा मे महिना त्यांना मानवत नाही.

पण सर्वांत जास्त छळतो तो जॅक. हेडफोनची पिन रोज घातली-काढली जाते आणि तो सगळा ताण बोर्डावरच्या डाखावर येतो. डाख वरून चकचकीत दिसतो. भिंग लावले की पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. पिन हलवली की आवाज येतो-जातो, ही त्याची खूण. तिथे नुसते वरून कथिल थापू नये. जुने काढावे, फ्लक्स लावावे, पाय आणि बोर्डावरचे तांबे दोन्ही तापवून नवा डाख द्यावा. हे काम हाताला शिकवावे लागते, आणि त्यातला आनंद विकत मिळत नाही.

दुरुस्तीनंतर आवडता हेडफोन लगेच जोडू नका. आधी अॅम्प्लिफायर चालू करून, गाणे न लावता, जॅकच्या दोन्ही बाजूंवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात. अर्धा व्होल्ट दिसला तरी थांबा, कारण हेडफोनच्या बारीक तारेच्या कॉइलला तो अपाय करू शकतो. आकडा नीट आला, तरी पहिली चाचणी स्वस्तातल्या हेडफोनवरच करा.