हवा न धरणाऱ्या कॉम्प्रेसरास

प्रिय कॉम्प्रेसर,



सोलापुरात तुझ्यावाचून अडणारी माणसं पुष्कळ आहेत. पंक्चरवाल्याचा दिवस तुझ्या आवाजाने सुरू होतो. यंत्रमागवाला मागावर बसलेले सुताचे तंतू तुझ्याच हवेने उडवतो. रंगारी तुला उचलून घरोघरी नेतो. पण तू हवा धरेनासा झालास की लगेच ऐकू येतं, ‘गेला, भंगारात द्या.’ हे पत्र त्या निकालाविरुद्ध आहे. 1877 साली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी उभी राहिली, तेव्हापासून या शहराने मशीनचा आवाज ऐकून दुखणं सांगणारे फिटर घडवले. तसा कान दिला तर तुझीही बरीच दुखणी घरीच कळतात.

टाकी भरून मोटर बंद होते तेव्हा तू ‘फुस्स’ करतोस. मला तो आवाज सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रेशर स्विच त्या क्षणी पिस्टनवर आणि नळीत अडकलेली हवा सोडून देतो, म्हणून पुढच्या वेळी मोटर मोकळी सुरू होते. फुस्स ऐकूच आला नाही, तर दाबलेल्या हवेशी झुंजत मोटर नुसती गुणगुणते आणि घरचे म्हणतात, जळाली! उलट फुस्स थांबतच नसेल, तर टाकीतली हवा मागे परततेय. टाकीच्या तोंडाशी असलेला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे नीट बसत नाही. प्लग काढावा, टाकी पूर्ण रिकामी करावी, मगच व्हॉल्व्ह खोलून आतली चकती पुसावी. झिजली असेल तर नवी टाकावी. खर्च किरकोळ असतो.

टाकी रिकामी असतानाही मोटर गुणगुणत असेल, तर आधी वायर बघावी. लांब आणि बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं आणि मोटर उठत नाही. लांब जायचंच असेल तर हवेचा पाइप लांब घ्यावा, वायर नव्हे. त्यानंतर संशय कंडेन्सरवर. प्लग काढल्यावरही तो वीज धरून ठेवतो, म्हणून त्याला हात वायरमननेच लावावा.

मोटर छान चालते, पण दाबाचा काटा चढत नाही? मग फिल्टर. मागाजवळ ठेवलेल्या कॉम्प्रेसरचा फिल्टर तंतूंनी फार लवकर चोंदतो. फिल्टरमधूनच हवा उलटी बाहेर येत असेल, तर हेडमधली व्हॉल्व्हची पट्टी तुटली आहे. हवेबरोबर ऑइल येत असेल, तर रिंगा झिजल्या. काटा चढून पुन्हा उतरत असेल, तर सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडा जागा दाखवतो.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. तुला पत्र्याखाली ठेवलं तर तुझी मोटर तापून ट्रिप होते. तो बिघाड नव्हे, ते तिचं संरक्षण आहे. थंड होऊ द्यावं, मग रिसेटचं बटण दाबावं. ते पुन्हा पुन्हा दाबत बसणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

आता तुझ्या टाकीविषयी, कारण तिथे घरगुती हुशारी चालत नाही. मोटरसायकलच्या चाकात साधारण 30 पीएसआय हवा असते. तुझ्या टाकीत 8 बार, म्हणजे सुमारे 116 पीएसआय. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते, पावसाळ्यात तर फारच. ते पाणी आतून लोखंड खातं आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून काम संपलं की खालचा नळ उघडून पाणी काढणं ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तिथे बूच ठोकणं हा मात्र गुन्हाच मानायला हवा.

वाचकहो, बाकी सगळं जरूर खोलून बघा, शिका, दुरुस्त करा. पण टाकी गंजून पाझरू लागली तर तिला वेल्डिंगचं ठिगळ लावू नका. ती टाकी बदला.