आधी दिसलं कोणाला?

पनवेलहून हार्बरच्या लोकलने मुंबई गाठली की पार कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तिथल्या एका शोधाबद्दल आपण फार कमी बोलतो, याची मला खंत वाटते.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. 1987च्या सुरुवातीला अलाबामातले वू आणि ह्यूस्टनचे पॉल चू यांच्या गटांना इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडमध्ये सुमारे 93 केल्विनला अतिवाहकता, म्हणजे खूप थंड केल्यावर वीज विनारोध वाहू देण्याचा गुण, सापडली. द्रव नायट्रोजन 77 केल्विनला मिळतो, तोही स्वस्तात; म्हणून जगभर धांदल उडाली. चू यांच्या हस्तलिखितात इट्रियमऐवजी इटर्बियम होतं. टंकनातली चूक, असं ते म्हणाले. पण लेख छापून येण्याआधीच इटर्बियमची कुणकुण पसरली होती! मात्र वू आणि चू यांचा मूळ नमुना मिश्र होता, काळा आणि हिरवा. काळ्या पदार्थातलं इट्रियम, बेरियम आणि तांब्याचं 1:2:3 हे प्रमाण अनेकांनी शोधलं, बंगळुरूत सी. एन. आर. राव यांच्या गटानेही. अमेरिकेत बेल लॅब्ज, आयबीएम, नौदलाची प्रयोगशाळा आणि ह्यूस्टन विद्यापीठ पेटंटसाठी वर्षानुवर्षं झगडले. कौल बेल लॅब्जच्या बाजूने लागला.

कुलाब्यात 1993 साली नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांना इट्रियम-निकेल-बोरॉनच्या नमुन्यात 12 केल्विनजवळ अतिवाहकतेची पुसट खूण दिसली. निकेल चुंबकीय, आणि चुंबकत्व हे अतिवाहकतेचा वैरी समजलं जाई. भेसळ म्हणून ती खूण सोडून देता आली असती. त्यांनी सोडली नाही. कार्बन मिसळून संपूर्ण नमुनाच अतिवाहक करून दाखवला. 1994च्या जानेवारीत बेल लॅब्जच्या रॉबर्ट कावा यांच्या गटाने (इट्रियमच्या पेटंटवर नाव असलेले तेच कावा) या कुळातली शुद्ध संयुगं जाहीर केली आणि पॅलेडियम घालून 23 केल्विन गाठलं.

आपल्या 1970च्या पेटंट कायद्यात आंतरधातू संयुगांवर (कुलाब्याचा पदार्थ त्यातलाच) पेटंट मिळतच नसे, फक्त ती बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. हे 2005 साली बदललं. म्हणजे 1993 साली कुलाब्याच्या पदार्थावर मालकीचा दावा इथे होणंच शक्य नव्हतं.

नेमकं सूत्र ठरवणं हे मोठं काम आहे, त्याचा मान कावांना मिळायलाच हवा. पण जिथे कोणी बघत नव्हतं तिथे बघणं मला त्याहून अवघड वाटतं, आणि पेटंटचा कायदा त्याची नोंद घेत नाही. ती आपण घ्यायला हवी. पनवेल-उरणच्या महाविद्यालयांत अतिवाहकता शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: तांब्याच्या ऑक्साइडमधली अतिवाहकता पहिल्यांदा शोधणारे बेडनोर्झ आणि म्यूलर यांच्याबरोबर नागराजन आणि मजुमदार ही नावंही फळ्यावर लिहा.