कृष्णाकांठीं कार्तिकाचे सात दिवस

गेल्या कार्तिकांत शुद्ध दशमीपासून सात दिवस मी वाईस वडील बंधूंकडे राहिलों. आम्हां वृद्धांना इतके सौम्य दिवस वर्षांत दुसरे मिळत नाहींत. शास्त्रानें आश्विन-कार्तिक हा शरद ठरविला आहे. परंतु आश्विनाचें ऊन अंगाची लाही करतें, आणि मार्गशीर्षांत हेमंत दारें लावून घ्यावयास लावतो. मधला हा आठवडा जणूं कोणत्याच ऋतूच्या मालकीचा नसतो.

वाईस बहुतेक सर्व बाजूंनीं डोंगरांचा वेढा आहे. निरभ्र रात्रीं उतारांवरील हवा गार व जड होऊन नदीच्या पात्राकडे उतरते. म्हणून पहाटे पाण्यावर धुकें तरंगतें आणि उन्हें वर आलीं कीं पसरणीकडील डोंगर धुतल्यासारखा बाहेर येतो. पावसाळ्याचा गढूळपणा जाऊन कृष्णा निवळलेली असते. शेतांत हळद अद्याप हिरवी, जोंधळा गुडघ्याला लागलेला.

दादांचें वय ७८. श्रावणांत त्यांना न्युमोनिया झाला, तेव्हांपासून दम लवकर भरून येई. उभ्या आयुष्यांत त्यांनीं कार्तिकस्नान चुकविलें नव्हतें. यंदा डॉक्टरांनीं नदीचें पाणीच वर्ज्य केलें. मी पोहोंचतांच वहिनींनीं बजावलें, "भावजी, त्यांना फिरवून आणा, पण घाटाची पायरी उतरूं देऊं नका. तुमचें तरी ऐकतील." पस्तीस वर्षें मुलांना धाकांत ठेवलेल्या मास्तराला हें काम अवघड वाटूं नये!

पहिल्या दिवशीं ढोल्या गणपतीपर्यंत गेलों. रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा तिच्यावर फुटून दोहों अंगांनीं जावा, ही योजना. दादा तिला टेकून बसले व म्हणाले, "हिनें एवढे पूर परतविले, मला एक खोकला आवरेना." चौथ्या दिवशीं रिक्षानें मेणवलीस गेलों. नाना फडणिसांचा वाडा हिंडण्याइतका दम त्यांना नव्हता, घाटावरच बसलों. १७३९ च्या विजयानंतर वसईहून आणलेली घंटा तेथें आहे. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृति आहे, हें मला साठी उलटल्यावर प्रथम दिसलें. लहानपणीं आम्ही तिच्याखालीं नुसते खेळत असूं.

त्रिपुरी पौर्णिमेस सायंकाळीं घाटावर पणत्या लागल्या. वारा इतका मंद कीं एकही ज्योत विझेना. दादांनीं आपली पणती ठेवली आणि मला न विचारतां ते एकेक पायरी उतरूं लागले. शाळेंतला आवाज माझ्या कंठाशीं आला होता. पण मीं हांक मारली नाहीं. वैदिक ऋषींनीं आयुष्य मागतांना शंभर शरद मागितले, हें मीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें होतें. त्यांनीं घोट्यापर्यंत पाय बुडविले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलें, व माझ्या खांद्याच्या आधारानें वर आले. पाणी फारसें गार नव्हतें, असें वाटेंत दोनदां म्हणाले.

घरीं वहिनींनीं दिव्याच्या उजेडांत पाहिलें. "धोतराचा सोगा भिजला कसा?"

दंव फार पडलें, असें मीं सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें सुंठीच्या काढ्याचे दोन पेले त्यांनीं आणले. एक दादांपुढें ठेवला, एक माझ्यापुढें.

प्रतिपदेस मी निघालों, तेव्हां उत्तरेचा वारा सुटला होता आणि दादांनीं कानटोपी चढविली होती.